शिसं माहेरी पाठवणाऱ्या वत्सलाताई

डॉ. वत्सलाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या पडवीत, स्टोव्हला पिन मारताना. पदर कमरेला खोचलेला, हाताला रॉकेलचा वास, आणि शेजारच्या पातेल्यात उकळायला ठेवलेल्या सिरिंजा. मी इस्त्रीची साडी नेसून, प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून समोर उभी होते. रक्त-लघवी तपासायला मुलगी हवी आहे, एवढं कळलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी अंगवळणी पाडलं होतं तसं मी "गुड मॉर्निंग, डॉक्टर" म्हटलं. त्यांनी मान वर करून विचारलं, "स्टोव्ह पेटवता येतो का तुला?"

"येतो. प्रमाणपत्रं दाखवू का?"

"आधी स्टोव्ह."

स्टोव्ह पेटला. प्रमाणपत्रं त्यांनी कधी पाहिली की नाही, ते मला आजतागायत माहीत नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आता ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत आणि गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्याबद्दल लिहायला सांगितलं आहे. ताईंचं आडनाव मी लिहीत नाही. रत्नागिरीत ते कोणी विचारत नाही, आणि या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ते आहेच. त्यांच्या शस्त्रक्रियांविषयी, शिबिरांविषयी, त्यांनी घडवलेल्या नर्सेसविषयी माझ्यापेक्षा जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या प्रयोगशाळेतली मुलगी. एका पावसाळ्यात त्यांच्या शेजारी उभं राहून जे पाहिलं, ते सांगते.

दवाखाना कौलारू होता, खाडीपासून फार लांब नव्हता. खाटा मोजक्या आणि बायका भरपूर. आतल्या गावांतून शेतकऱ्यांच्या बायका यायच्या. त्यांचे नवरे मुंबईला. किनाऱ्यावरून खारव्यांच्या आणि मुसलमानांच्या घरांतल्या यायच्या. त्यांचे नवरे समुद्रावर, नाहीतर आखाती देशांत. म्हणजे ओट्यावर सगळ्या बायकाच बायका, आणि त्यांच्याबरोबर सासवा, आया, नणंदा. दवाखान्यात सकाळी पेजेचं मोठं पातेलं चढायचं. डोंगर उतरून उपाशी आलेल्या बाईला आधी पेज आणि मग तपासणी, असा ताईंचा शिरस्ता होता. "उपाशी बाईचा रक्तदाब बघून मी काय शिकणार? ती उपाशी आहे एवढंच," असं त्या म्हणायच्या.

माझी भाषा तेव्हा फार पुस्तकी होती. "आपले शुभनाव काय?" असं मी विचारलं की ओट्यावर हशा पिकायचा. बायकांनी माझं नंदिनी हे नाव बाजूला ठेवून मला "रगतवाली बाय" करून टाकलं. ताईंनी ते कधी थांबवलं नाही. मात्र कामात त्या कडक होत्या. मी धुतलेली काच उजेडाकडे धरून म्हणायच्या, "यावर घाण दिसली तर ती कोणाची म्हणू? पेशंटची की तुझी?" काच पुन्हा धुवावी लागे.

सुनंदा आमच्याकडे यायची ती खारव्यांच्या वाडीतून. नवरा महादेव होडीवर, घरात सासू भागीरथीबाई. सुनंदा मालगुंडची, शांत, पदर तोंडावर धरून बोलणारी. तिचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दुसऱ्याच्या वेळी मी कामाला लागले होते. त्याचे दिवस पूर्ण भरले होते, पण ते रडलंच नाही. त्या संपूर्ण गरोदरपणात तिचं रक्त वाढत नव्हतं. ताई लोहाच्या गोळ्या देत होत्या, आणि प्रत्येक वेळी माझ्या नळीत रंग फिकाच. एकदा ताई चिडून म्हणाल्या, "सुनंदा, गोळ्या कुठे टाकतेस? खाडीत?"

"खाते वो बाई," ती एवढंच म्हणाली. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कोणाचाच विश्वास बसला नाही.

तिसऱ्या खेपेला ती आषाढात आली. पुढे भागीरथीबाई, नऊवारीचा ओचा वर खोचलेला, आवाज बंदरावरचा. सून मागे, आणखी वाळलेली. ही खेप सुखरूप पार पडणार की नाही, हाच एक प्रश्न घेऊन दोघी आल्या होत्या, आणि दोघींपैकी एकीलाही तो तोंडाने विचारायचा धीर नव्हता. भागीरथीबाईंनी उलट बाजूने सुरुवात केली.

"ह्या खेपेला मी तिला पान्याचा हंडासुदीक उचलू दिला नाय. बाजार नाय, मासं सुकवायला नाय. राणीसारकी बसवून ठेवलेय."

"मग राणी सुकलीय कशाने?" ताईंनी विचारलं.

"खाईत नाय ना! पोटात कळ येते म्हनते. भात नको, मासं नको. खारव्याच्या घरात मासं नको, तर आमी काय आता रोज श्रीखंड करू?"

यावर सुनंदाला हसू फुटलं. पदर तोंडावरून घसरला. ताई पुढे वाकल्या.

"थांब. परत हस."

"आं?"

"हस गो. दात दाखव बघू."

"काय वो बाई," भागीरथीबाई मध्ये पडल्या, "दात बघून काय बैल घ्यायचाय?"

सुनंदाला खिडकीशी नेऊन तिचा खालचा ओठ बोटाने ओढून ताई कितीतरी वेळ पाहत राहिल्या. हिरडीच्या काठाशी, दाताला लागून, पेन्सिलीने ओढावी तशी निळसर काळी रेघ होती. ती दात न घासल्याची असावी असंच कोणालाही वाटलं असतं. ताईंनी मला काचेवर थेंब घ्यायला सांगितला.

पावसाळ्याचा उजेड मंद. सूक्ष्मदर्शकाचा आरसा फिरवून फिरवून ताईंनी तो कसाबसा खिडकीशी जुळवला आणि त्या स्वतः बसल्या. मग उठून मला म्हणाल्या, "तू बघ. मी काही सांगत नाही."

लाल पेशींच्या आत बारीक निळे ठिपके होते. कोणीतरी शाईचं पेन झटकावं तसे.

"शिसं," ताई म्हणाल्या. मी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. ताईंनीही शिकत असताना एकदाच पाहिलं होतं, छापखान्यात काम करणाऱ्या एका पुरुषाच्या रक्तात. पण ही तर घराबाहेर न पडणारी गरोदर बाई. हिच्या अंगात शिसं आलं कुठून?

बाहेर येऊन ताईंनी सहज गप्पा मारल्यासारखे प्रश्न सुरू केले. भांड्यांना कल्हई कोण करतो? आता घरात ॲल्युमिनियमच होतं. डोळ्यांत काय घालतेस? घरी पाडलेलं काजळ. होडीला रंग कोण लावतं? पुरुष, तोही बंदरावर. प्रश्न संपत आले आणि हाती काही लागेना. तेवढ्यात भागीरथीबाईंना राहवलं नाही. एवढं विचारतायत म्हणजे आपल्यावरच संशय आहे, असं त्यांना वाटलं असावं.

"तुमाला वाटतंय मी तिला राबवते. देवाची आण बाई, बसून मनी आवळते, तेवडंच काम तिला."

"मणी? कसले मणी?"

"पागाचे! दुसरे कसले?"

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात, त्यांच्या वजनाने ते पाण्यात बसतं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्र खुला होईपर्यंत घरोघर जाळ्यांचं काम चालतं. बाहेर पाऊस, म्हणून शिसं वितळायचं ते घरातल्या चुलीवर. जुन्या बॅटऱ्यांतल्या पट्ट्या आणायच्या, लोखंडी पळीत वितळवायच्या, मातीच्या साच्यात ओतायच्या. मणी गार झाला की त्याची चीर जाळ्याच्या दोरीवर बसवायची आणि दाताने दाबून बंद करायची. बसल्या जागेचं काम, वाकणं नाही, उचलणं नाही. त्यामुळे त्या वाडीत गरोदर बाईला मण्यांना बसवायची रीत होती. ती सासवांची माया होती. नणंदा कुरकुरायच्या, तिला मेलीला मणी आणि आम्हाला पाणी.

भागीरथीबाईंनी कनवटीला खोचलेला एक मणी काढून करून दाखवलं. "असं. कट्. माजे दात गेले, म्हनून आता ही करते. हात लई चालतो तिचा."

मी तोंड उघडणार, एवढ्यात ताई म्हणाल्या, "नंदिनी, चहा टाक."

चहा करून मी बाहेर आले तेव्हा ताई त्या दोघींच्या मध्ये बाकावर बसल्या होत्या. शिशाचा धूर श्वासातून कसा जातो, हाताला लागलेलं भाकरीबरोबर पोटात कसं जातं, आणि आईच्या रक्तातून बाळापर्यंत कसं पोचतं, हे त्यांनी साध्या बोलीत सांगितलं. विष हा शब्द उच्चारला नाही. आम्हालाही नंतर बजावलं की दवाखान्यात तो शब्द कोणी काढायचा नाही. मग त्या सुनंदाकडे वळल्या.

"पोटात कळा येतात त्या याने. रक्त चढत नाही ते याने. तू गोळ्या खात होतीस. मी उगाच बोलले तुला. माझं चुकलं, सुनंदा."

डॉक्टरने पेशंटची माफी मागितलेली मी तोवर ऐकली नव्हती. सुनंदाने चहाचा कप खाली ठेवला आणि ती रडायला लागली. कोणीतरी आपलं खरं मानलं, यानेच तिला भरून आलं होतं.

पुढचा भाग मात्र अवघड होता. ताई म्हणाल्या, "तिला आता त्या घरात ठेवून चालणार नाही. मालगुंडला पाठवा, बाळंत होईपर्यंत."

भागीरथीबाई उसळल्याच. "तिसऱ्या खेपेला म्हायेरी? लोक काय म्हनतील? दोन गेली म्हनून सासूनं हाकलली! आनि तितं तिची आय तरी हाय काय? भावजयीच्या हातचं खायचं तिनं?"

"आये, मना नको धाडू," सुनंदाही म्हणाली.

ताईंनी दोघींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. सून राहू दे घरी. शिसं माहेरी पाठवा."

"शिश्याचं म्हायेर कुटं हाय?"

"ते तुम्ही ठरवा. घराबाहेर हवं, वाऱ्यावर हवं, आणि तिथे बाई-पोर नको."

भागीरथीबाईंच्या कपाळावरच्या आठ्या तशाच राहिल्या, पण डोळे हसले. "बंदरावर महादेवाची खोप हाय, जाळी ठेवायची."

"झालं. तेच माहेर."

"आनि पुनवेला जाळी कोन दील? तुमी आवळनार मनी?"

"महादेव आवळेल. पक्कडीने."

"पुरुषमानूस मनी आवळील?"

"होडी ओढतो ना? मग मणी काय जड आहे?" असं म्हणून ताई आत गेल्या आणि घरच्या हत्यारांच्या पेटीतली पक्कड घेऊन आल्या. भागीरथीबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि पदराखाली घेतली.

आपली शंका खरी आहे का, हे ताईंना पुराव्याने जाणून घ्यायचं होतं, आणि रक्तातलं शिसं मोजायचं यंत्र मुंबईलाच होतं. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या ओळखीच्या डॉक्टरांना त्यांनी ट्रंक कॉल केला. नमुन्याची बाटली साधी धुऊन चालणार नव्हती. काचेवरच्या कणभर शिशानेही आकडा चुकला असता. पातळ केलेल्या ॲसिडात बाटल्या भिजवून, डिस्टिल्ड वॉटरने विसळत मी सबंध सकाळ घालवली. काचेवरच्या घाणीवरून ताईंनी मला इतकं बोलून ठेवलं होतं, त्याचं त्या दिवशी वाईट वाटलं नाही. मासळीच्या बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणला, थर्मासात सुनंदाच्या रक्ताची बाटली रोवली, आणि पहाटेच्या एसटीने मी निघाले.

शेजारी खेडला उतरणारे एक गृहस्थ होते. घाटात गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवरच्या थर्मासाकडे प्रेमाने पाहिलं. "चहा हाय काय ताई? घोटभर मिळंल?"

"चहा नाही. रक्त आहे."

ते उठले आणि खेडपर्यंत कंडक्टरजवळ उभे राहिले.

मी मुंबईला असताना ताई संध्याकाळी आमच्या घरी गेल्या होत्या. मी नीट पोचल्याचा निरोप फोनवर आला होता, तो आईला सांगायला. एवढं सांगून परतल्या असत्या तरी चाललं असतं. पण वडील गेल्यापासून आई एकटीने धड जेवत नाही, हे माझ्या तोंडून कधीतरी निघून गेलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. पाट मांडून घेऊन त्या आईच्या पंगतीला बसल्या, दोनदा कढी मागून घेतली. आई ते पुढे कित्येक वर्षं सांगायची. डॉक्टरीणबाईंनी कढीला नावं ठेवली नाहीत, यात तिला काय तो सगळा मान वाटायचा.

अहवाल यायला वेळ लागला. ताई त्याच्यासाठी थांबल्या नव्हत्या. भर पावसात त्या सुनंदाच्या घरी गेल्या. चुलीजवळच्या जमिनीचा थर खरवडून महादेवाने तो लांब नेऊन पुरला होता आणि नवी जमीन चोपत होता. ताईंनी बजावलं: घर झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. शिसं वितळवायची पळी पुन्हा घरात येता कामा नये. महादेवाने खोपीतून आल्यावर अंघोळ करून, कपडे बदलूनच आत यायचं. सुनंदाला नाचणी, दूध, आणि काट्यासकट चावता येईल अशी बारीक मासळी, कारण शरीराला कॅल्शियम भरपूर मिळालं की शिसं आत कमी शिरतं. अंगातलं शिसं औषधाने ओढून काढायची सोय तेव्हाही होती, पण पोटातल्या बाळाला ते औषध सोसेल का, याची ताईंना खात्री नव्हती. "माहीत नसलेलं औषध देण्यापेक्षा माहीत असलेलं कारण काढून टाकू," असं त्यांनी ठरवलं.

महादेव बंदरावर पक्कड घेऊन मणी आवळतो, यावरून वाडीत थट्टा झाली. "काय रे, डोहाळे कुनाला लागलेत?" असं त्याला लोक विचारायचे. तो म्हणायचा, "दोगांना."

मुंबईहून फोन आला तो ताईंनी उभ्यानेच घेतला. शिसं होतं, आणि पुष्कळ होतं. शंका खरी ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला नाही.

त्याच आठवड्यापासून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईची त्या या दृष्टीने तपासणी करायला लागल्या. यंत्र नव्हतं, पैसा नव्हता. म्हणून जे हाताशी होतं त्यातून त्यांनी पद्धत बसवली. घरात शिसं वितळवता का, जाळी कोण भरतं, घरधनी बॅटरीचं किंवा रंगाचं काम करतो का, हे गप्पांच्या ओघात विचारायचं. हिरड्या बघायच्या. हिमोग्लोबिनसाठी टोचतोच, त्यातलाच एक थेंब काचेवर घेऊन मी ठिपके शोधायचे. संशय आला तरच नमुना मुंबईला. बाहेरगावच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी एका बैठकीत त्यांची गंमत केली: "बाई, इथे रक्त कमी आहे हे बघायला आम्हाला वेळ मिळत नाही, आणि तुम्ही शिसं बघता?" ताई शांतपणे म्हणाल्या, "रक्त कमी का आहे, तेच बघते." आणखी काही जणी सापडल्या. बहुतेक किनाऱ्यावरच्या, एक शहरातल्या बॅटरीवाल्याची बायको, नवऱ्याचे कपडे रोज हाताने धुणारी. ताईंच्या टेबलाच्या खणात स्टेथोस्कोपशेजारी पकडी दिसू लागल्या, कारण मणी दाताने आवळणाऱ्या प्रत्येकीला त्या एक देत. सरकारी तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तो खण उघडून विचारलं होतं, "डॉक्टर, इथे बाळंतपणं करता की सायकली दुरुस्त?"

दिवाळीच्या आधी सुनंदाचा दुसरा नमुना गेला. या वेळी आकडा निम्म्याहून खाली आला होता. फोन ठेवून ताई खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले. इतक्या दिवसांत त्या खुर्चीला टेकलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. माझ्या लक्षात आलं की त्या आषाढापासून ताठच बसून होत्या.

सुनंदाला कळा सुरू झाल्या त्या कार्तिकातल्या एका सकाळी. बाहेर ओट्यावर भागीरथीबाई बसून होत्या, आणि त्यांचा तो बंदरावरचा आवाज पार नाहीसा झाला होता. मी लॅबच्या दारात उभी राहून सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना मनात म्हणत होते. अर्ध्यावर आले असेन, तर आतून रडणं ऐकू आलं. बारीक नाही, चांगलं भांडखोर रडणं. ती प्रार्थना मी अजून पूर्ण केलेली नाही.

मुलगी झाली होती. थोडी लहानखुरी, पण गुलाबी. नर्सने तिला पुसून आजीच्या मांडीवर दिलं. भागीरथीबाईंनी तिला पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तिला पाहिलं. ताई हात पुसत बाहेर आल्या आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या. मला वाटलं, आता पेढे, देवाचं नाव, असं काहीतरी. पण भागीरथीबाई नातीवरची नजर न काढता म्हणाल्या,

"बाई, खरं सांगा. पयली दोन माज्यामुळं गेली?"

हा प्रश्न त्यांनी आषाढापासून पोटात ठेवला होता. मी ताईंकडे पाहिलं. नाही म्हणून टाकलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती. मीही घेतली नसती.

ताई म्हणाल्या, "ती दोन कशाने गेली, मला माहीत नाही, भागीरथीबाई. शिशाने गेली असतील. दुसऱ्या कशाने गेली असतील. आता ते कोणालाच कळायचं नाही. पण एक सांगते. दोन्ही वेळेला मी तिला तपासत होते. मी शिकलेली, आणि तिच्या हिरड्या मला दिसल्या नाहीत. तुम्ही तिला मायेने बसवलंत, मी तिला गोळ्यांवरून बोलले. दोष द्यायचा तर दोघींना द्या. एकटीने घेऊ नका."

"दोगींना?"

"दोघींना."

मांडीवरची मुलगी चुळबुळ करत होती. भागीरथीबाईंनी पदराने तोंड पुसलं, आणि तो गेलेला आवाज परत आला.

"मग वाडीत मी सांगते. तुमचं कोन ऐकनार? तुमी डागतर. सासवांना सासूनंच सांगाया होवं."

आणि त्यांनी सांगितलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत घरोघर जाऊन, भांडून, शपथा घालून. आपली दोन नातवंडं गेली, हे त्या सगळ्यांसमोर बोलल्या. हळूहळू त्या वाडीत शिसं घरातल्या चुलीवर चढायचं थांबलं. ते आमच्या तपासणीने झालं असं मी म्हणणार नाही. पायरीवरच्या त्या उत्तराने झालं.

मुलीचं नाव दीपा ठेवलं. ताईंची काळजी मात्र तिथे संपली नव्हती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. गर्भात असताना गेलेलं शिसं मुलाच्या बुद्धीवर नंतर उमटू शकतं. घरच्यांना त्यांनी हे कधी बोलून घाबरवलं नाही. पण ती बसायला कधी लागली, बोलायला कधी लागली, हे त्या न चुकता विचारायच्या. शाळेत गेल्यावर प्रत्येक भेटीला तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यायच्या आणि ऐकताना त्यांची बोटं टेबलाची कड धरून असायची. एकदा तिने शाळा बुडवली आणि ती का बुडवली याची अशी काही रचलेली, बिनचूक हकिगत सांगितली की भागीरथीबाईंनी हात उगारला. ताई मात्र हसत सुटल्या. "मारू नका हो," त्या म्हणाल्या, "केवढं डोकं लागतं याला!" त्या दिवसानंतर त्यांनी दीपाला पाढे विचारले नाहीत.

भागीरथीबाई आज नाहीत. दीपा खेडकडच्या एका शाळेत गणित शिकवते, तिची मुलं माझ्या उंचीची झाली आहेत. परवा मी हा लेख लिहीत असताना ती घरी आली होती. ताईंच्या पंचाहत्तरीच्या समारंभात आपल्याला काही काम मिळालं नाही म्हणून ती रागावली होती. शंभरीचा समारंभ तिने आताच स्वतःकडे घेतला आहे. जेवण खारव्यांकडचं असेल आणि वाडीतल्या सगळ्या सासवा वाढायला असतील, हेही ठरवून टाकलं आहे. तेव्हा ताई, गुडघ्यांकडे लक्ष द्या, दूध-नाचणी स्वतःही घ्या, आणि त्या दिवशी भूक घेऊन या. आम्ही पानं मांडून वाट बघतो आहोत.